जात्याजवळ, मळ्यांत आणि वेशीबाहेर

पहांटेच्या अंधारांत ज्या घरांत जातें फिरत असे, त्या घरांत दिवसाचा पहिला आवाज देवळाच्या घंटेचा नसे. तो दगडावर दगड घासल्याचा असे. त्यामागून केरसुणीचा, मग आडावरच्या रहाटाचा, मग चुलींत फुंकर घातल्याचा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रांतील असंख्य घरांचा दिवस ह्याच क्रमानें उजाडे. ह्या आवाजांत देव कोठें आहे, असें कोणीं विचारलें असतें तर बहुधा उत्तर मिळालें असतें कीं, आधीं कामें आटोपावींत, स्नान करावें, आणि मग देवाकडे वळावें. काम हें एक आणि देव हा दुसरा. कामांतून सवड काढावी तेव्हां देवाची भेट व्हावी.

सातशें वर्षांपूर्वीं ह्याच भूमींत कांहीं माणसांनीं ह्या प्रश्नाचें निराळें उत्तर दिलें. तीं माणसें पाठशाळेंत शिकलेलीं नव्हतीं. त्यांत एक माळी होता, एक कुंभार, एक शिंपी, एक न्हावी, एक सोनार. एक परघरीं राबणारी दासी होती. आणि एक गांवकुसाबाहेर राहून मेलेलीं गुरें ओढणारा होता. त्यांचें म्हणणें असें कीं, देवासाठीं कामांतून सवड काढण्याचें कारण नाहीं. काम चाललेलें असतांनाच तो तेथें असतो. हें उत्तर ऐकावयास गोड आहे. तें इतकें गोड आहे कीं, त्यांत दडलेली मोठी अडचण पुष्कळदां ध्यानांत येत नाहीं. त्या उत्तराचा आणि त्या अडचणीचा, असा दोहोंचाही इतिहास येथें थोडक्यांत पाहावयाचा आहे.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत देवगिरीच्या यादवांचें राज्य भरभराटींत होतें. महादेवराय व रामदेवराय ह्यांच्या पदरीं हेमाद्रि पंडित हा मोठा अधिकारी होता. त्यानें 'चतुर्वर्गचिंतामणि' नांवाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. त्यांतील व्रतखंडांत कोणत्या तिथीस कोणतें व्रत करावें, त्याचा विधि काय, दान कोणतें द्यावें आणि फळ कोणतें मिळतें, हें सारें सांगितलें आहे. अशीं व्रतें शेंकड्यांनीं मोजावीं लागतात. ग्रंथकाराच्या विद्वत्तेविषयीं शंका नाहीं. परंतु हा धर्म साधे कोणास? ज्याच्या घरीं पुरोहित येतो, ज्याच्या गांठीं दान देण्यापुरतें धन आहे आणि ज्यास सबंध दिवस मोकळा काढतां येतो, त्यास. ज्याच्या मळ्यांत मोट चाललेली आहे, ज्याच्या आव्यांत भांडीं भाजत आहेत, त्यास तिथीप्रमाणें हातचें काम सोडून कसें चालेल? आणि ज्याच्या हातचें दानच कोणी घेणार नाहीं, त्यानें काय करावें?

अशा काळांत, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्यें, नेवासें येथें ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील आपली मराठी टीका पुरी केली. गीतेच्या अठराव्या अध्यायांत असा विचार आहे कीं, ज्याच्यापासून हें सर्व जग निर्माण झालें त्याची पूजा मनुष्यानें आपल्या कर्मानेंच करावी. ज्ञानेश्वरांनीं ह्या विचाराचा विस्तार करतांना आपलें नित्याचें कर्म हींच ईश्वरास वाहावयाचीं फुलें, अशी कल्पना मराठींत आणली. संस्कृताच्या पेटींतील हा विचार अशा रीतीनें बाजारपेठेंत आणि शिवारांत पोंचला. मात्र एक गोष्ट विसरतां येत नाहीं. गीतेंतील तो विचार वर्णव्यवस्थेच्या चौकटींतला आहे. ज्यास जें कर्म जन्मानें नेमून दिलें तें त्यानें करावें, ही त्यामागची गृहीत गोष्ट. अडचणीचें बीज तेथेंच आहे. तें उगवलेलें पुढें दिसेल.

प्रथम मळ्याकडे जाऊं. सोलापूर जिल्ह्यांतील माढें तालुक्यांत अरण नांवाचें गांव आहे. तेथें सांवता माळी आपल्या मळ्यांत राबले, आणि परंपरेप्रमाणें शके १२१७, म्हणजे इ. स. १२९५ सालीं, तेथेंच त्यांनीं देह ठेवला. पंढरपूर तेथून फार दूर नाहीं. तरीही मळा टाकून सांवतोबा वारीस गेले नाहींत आणि देवच त्यांच्या मळ्यांत आला, असें परंपरा सांगते. इतर संतांच्या पालख्या पंढरपुरास जातात. सांवतोबांच्या भेटीस मात्र पंढरीच्या देवाची पालखी अरणास येते. हा रिवाज त्या कथेची आठवण आजही जागी ठेवतो.

सांवतोबांच्या नांवावर तीसचाळीस अभंग आढळतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध अभंगांत मळ्यांतल्या भाजीपाल्याची यादीच आहे. कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर हीं सारीं त्यांना विठ्ठलरूप दिसतात. त्याच यादींत मिरचीही आहे. इतिहासाच्या अभ्यासकानें येथें थोडें थांबावयास हवें. ज्या भाजीस आपण मिरची म्हणतों ती मूळची अमेरिका खंडांतली. कोलंबस तिकडे १४९२ सालीं पोंचला, वास्को द गामा हिंदुस्थानच्या किनाऱ्यास १४९८ सालीं लागला, आणि त्यानंतर पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर ती इकडे आली. सांवतोबांच्या मळ्यांत ती असणें शक्य नाहीं. त्या काळीं तिखटासाठीं मिरीं वापरीत, आणि मिऱ्यांचा वेल अरणच्या कोरड्या रानांत वाढत नाहीं. तेव्हां एक तर तो अभंग मागाहून कोणीं रचला असेल, किंवा मूळच्या अभंगांत पुढील गाणाऱ्यांनीं आपल्या मळ्यांतलें नवें पीक घातलें असेल.

ह्यामुळें कोणाची श्रद्धा डळमळण्याचें कारण नाहीं. उलट ह्या एका मिरचीनें एक मोलाची गोष्ट उघड होते. सांवतोबांचा विचार लोकांनीं पोथींत बांधून ठेवला नाहीं. मळ्यांत जें नवें उगवलें तेंही त्यांनीं त्या अभंगांत आणून बसविलें. समुद्रापलीकडून आलेल्या भाजीसही देवाच्या यादींत जागा मिळाली, आणि ती देतांना कोणास शास्त्राधार विचारावा लागला नाहीं. संतांचें वाङ्मय तोंडातोंडीं टिकलें, ह्या विधानाचा खरा अर्थ असा आहे. संतचरित्रांचीही गोष्ट हीच. ज्या ग्रंथानें ह्या कथा घरोघरीं नेल्या तो महिपतींचा 'भक्तविजय' शके १६८४, म्हणजे इ. स. १७६२ मध्यें पुरा झाला. सांवतोबांनंतर साडेचारशें वर्षांहून अधिक काळानें. म्हणून ह्या कथांतून घडलेल्या गोष्टींचा दाखला शोधण्यापेक्षां, पिढ्यानपिढ्या लोकांनीं कोणता विचार जिवापाड जपला त्याचा दाखला शोधणें अधिक सुरक्षित होय.

नामदेव हे शिंपी. त्यांच्या जीवनांतील एक कथा ह्या विषयाच्या मुळाशीं जाणारी आहे. संतमंडळी एकत्र जमली असतां तेरच्या गोरोबा कुंभारांस विनंति करण्यांत आली कीं, ह्यांत पक्कें मडकें कोणतें आणि कच्चें कोणतें तें सांगावें. गोरोबांनीं आपलें थापटणें हातीं घेतलें आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ठोकून पाहिलें. सर्वांनीं तें मुकाट्यानें सोसलें; नामदेव मात्र रागावले. मडकें कच्चें ठरलें. विठ्ठलाशीं प्रत्यक्ष बोलणारा भक्त कच्चा ठरावा, आणि तो निवाडा एका कुंभारानें आपल्या धंद्याच्या हत्यारानें करावा, ही कल्पनाच विलक्षण आहे. पुढें नामदेव विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा शिवालयांत पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांस तें पाहवेना. विसोबा म्हणाले, देव जेथें नसेल तेथें माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनीं पाय जेथें जेथें ठेवले तेथें तेथें पिंड प्रकट झाली. पंढरीच्या राउळापुरता देव पाहणाऱ्या माणसास त्या दिवशीं कळलें कीं, तो राउळाबाहेरही आहे.

हेंच ज्ञान घेऊन नामदेव पंजाबापर्यंत गेले. शिखांच्या ग्रंथसाहिबांत त्यांचीं एकसष्ट पदें आहेत. १६०४ सालीं गुरु अर्जुनदेवांनीं सिद्ध केलेल्या त्या संग्रहांत कबीराच्या नांवें दोन दोहे आहेत आणि त्यांत नामदेव व त्रिलोचन ह्या दोन भक्तांचा संवाद आहे. त्रिलोचन विचारतो: कापडाच्या कामांत असा काय गुंतून बसला आहेस, रामाकडे चित्त कां लावीत नाहींस? नामदेव उत्तर देतात, त्याचा आशय असा कीं, तोंडानें रामास आठवावें, हातापायांनीं सगळें काम करावें आणि चित्त मात्र निरंजनापाशीं ठेवावें. महाराष्ट्राच्या शिंप्याचें हें उत्तर काशीच्या विणकराच्या तोंडीं आणि पंजाबच्या धर्मग्रंथांत सांपडावें, ह्याहून त्या विचाराच्या प्रसाराचा अधिक चांगला पुरावा कोणता?

धंद्याचीं हत्यारें ही ह्या मंडळींची परिभाषाच झाली. सेना न्हावी आपल्या धोकटींतील आरसा व चिमटा ह्यांवरून विवेक-वैराग्याविषयीं बोलतात. नरहरि सोनार त्रिगुणांची मूस करून तींत काय ओतावें तें सांगतात. पंडितांस जें सांगावयास रज्जु-सर्पाचे दृष्टांत लागत, तें ह्यांनीं वस्तरा, फुंकणी आणि कात्री ह्यांवर भागविलें. त्यामुळें ऐकणाराही तो दृष्टांत विसरूं शकत नसे. वेदांत विसरला तरी वस्तरा उद्यां सकाळीं पुन्हा हातीं घ्यावयाचाच होता.

आतां जात्याकडे वळूं. जनाबाई मूळच्या गोदाकांठच्या गंगाखेडच्या. त्या लहानपणींच पंढरपुरास नामदेवांच्या घरीं आल्या आणि दासी म्हणून त्या घरांत त्यांचा जन्म गेला. त्यांच्या नांवावर साडेतीनशेंच्या आसपास अभंग आहेत. त्यांत दळण आहे, कांडण आहे, झाडलोट आहे, शेणी वेंचणें आहे, पाणी भरणें आहे, डोकें धुणें आहे. सांवतोबांच्या मळ्यांत देव भाजीच्या रूपानें उगवतो. जनाबाईंकडे तो जात्याचा खुंटा धरतो, केर भरतो, पाणी आणतो, आणि ज्या पोरक्या बाईस जवळचें कोणी नाहीं तिचे केसही विंचरतो. हा फरक लहान नाहीं. माळी आपल्या मळ्याचा धनी असतो. दासी कशाचीच धनीण नसते. तिच्या श्रमांत तिला रूप दिसावें असें कांहीं नाहीं. दळलेलें पीठ दुसऱ्याचें, झाडलेलें अंगण दुसऱ्याचें. म्हणून तिला काम हलकें करणारा सोबती हवा होता, आणि तिनें देवास सोबती म्हणूनच बोलाविलें.

जनाबाईंचें हें बोलणें पुढें शतकानुशतकें जात्याजवळ चालू राहिलें. महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतल्या बायका दळतांना ओव्या म्हणत. त्यांत माहेर असे, भाऊ असे, सासुरवास असे आणि विठ्ठलही असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ह्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा एक लक्षाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्या वाचल्या म्हणजे ध्यानांत येतें कीं, दळणाऱ्या बाईनें जात्याजवळ देवाचें नुसतें स्तवन केलें नाहीं. घरांत जें कोणास बोलून दाखवितां येत नव्हतें तेंही ती तेथें बोलली. देव तेथें ऐकून घेणारा होता. दुसरें कोणी ऐकत नव्हतें, हाही त्याचाच अर्थ.

परंतु कामांत देव पाहणें ह्यांत एक धोकाही आहे, आणि तो ह्याच परंपरेनें उघडपणें सांगून ठेवला आहे. तो गोरोबांच्या चरित्रांत आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर; पहिल्या शतकांतील ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतांतही ह्या पेठेचें नांव आलें आहे. तेथें गोरोबा एके दिवशीं नामस्मरण करीत चिखल तुडवीत होते. त्यांचें तान्हें मूल रांगत रांगत त्या चिखलांत आलें आणि पायांखालीं तुडविलें गेलें. बापास भान नव्हतें. कथेच्या शेवटीं देवाच्या कृपेनें मूल परत मिळतें. कीर्तनांत ही कथा भक्तीच्या पराकाष्ठेचें उदाहरण म्हणून सांगतात. परंतु तीच कथा पुढें त्या मुलाच्या आईचा आक्रोश आणि तिचा संतापही सांगते.  ज्या स्मरणांत पायाजवळचें मूल दिसेनासें होतें, त्या स्मरणानें आईचें काय होतें, हें कथाकारांस ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं तिला मुकी ठेविली नाहीं.

गोरोबांच्या कथेंतला धोका एका घरापुरता होता. चोखोबांच्या चरित्रांत तो सबंध समाजाचा होऊन उभा राहतो.

चोखामेळा हे मंगळवेढ्याचे. जन्म महार जातींत, म्हणून राहणें गांवकुसाबाहेर. मेलेलीं गुरें ओढणें, वेशीचीं व गांवकीचीं कामें करणें, आणि 'जोहार' म्हणून दुरून नमस्कार करणें, हें त्यांच्या वांट्यास आलेलें कर्म. ते पंढरपुरास येत. परंतु देवळांत जाण्याची त्यांस बंदी होती. महाद्वाराबाहेर उभें राहून ते त्या देवास आळवीत, ज्याचें दर्शन त्यांस कधीं घेऊं दिलें गेलें नाहीं. शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ मध्यें, मंगळवेढ्यास गांवकुसाची भिंत बांधण्याचें काम चाललें असतां ती कोसळली आणि अनेक मजुरांबरोबर चोखोबाही तींत गाडले गेले. नामदेव तेथें गेले आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकूं आलें त्या चोखोबांच्या म्हणून ओळखून त्यांनीं त्या पंढरपुरास आणल्या, अशी कथा आहे. महाद्वारासमोर त्यांची समाधि झाली. जी भिंत बांधतांना ते मेले ती कशाची होती ह्याचा विचार करावा. ज्या गांवकुसाच्या आंत त्यांस राहतां येत नव्हतें, त्याच गांवकुसाची ती भिंत होती.

येथें तो गोड विचार अडखळतो. प्रत्येकानें आपल्या नेमल्या कामांत देव पाहावा असें म्हटलें, तर मेलेलें गुरूं ओढणाऱ्यानें काय पाहावें? माळ्यास मळा सोडावासा वाटत नाहीं हें समजतें. परंतु ज्याच्यावर काम लादलेलें आहे, त्यास त्या कामांतच देव आहे असें सांगणें म्हणजे समाधान देणें कीं तोंड बंद करणें?

हा प्रश्न बाहेरच्या कोणीं प्रथम विचारलेला नाहीं. चोखोबांच्या घरांतच तो विचारला गेला. त्यांच्या पत्नी सोयराबाई ह्यांनीं आपल्या अभंगांत विटाळाचा हिशेब मागितला. विटाळ जर देहाचाच आहे तर त्यावांचून कोणता देह जन्मास आला, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. मुलगा कर्ममेळा ह्याच्या नांवावरील अभंगांत तर देवाशीं उघड भांडण आहे. आम्हांस हीन जन्मास घालून उष्ट्यावर ठेवलेंस, ह्यांत तुझा मोठेपणा कोणता, असें तो विचारतो. बापानें देवास आळविलें. मुलानें त्याच देवास जाब विचारला. आणि ह्या परंपरेचा मोठेपणा असा कीं, तिनें बापाच्या अभंगांबरोबर मुलाचे अभंगही जपून ठेविले.

पुढील काळांत ह्या प्रश्नावर विचारवंतांत मतभेद झाले. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ह्यांनीं १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या सत्तेच्या उत्कर्षावरील ग्रंथांत संतांच्या कार्याची तुलना युरोपांतील धर्मसुधारणेशीं केली. सर्व जातींच्या लोकांस एकत्र आणून संतांनीं समाजाची उंची वाढविली, असें त्यांचें प्रतिपादन होतें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील १९३६ सालच्या आपल्या प्रसिद्ध प्रबंधाच्या संदर्भांत, गांधीजींच्या टीकेस उत्तर देतांना, निराळी बाजू मांडली. संतांनीं जातिभेदावर कधीं चढाई केली नाहीं. सर्व माणसें देवापुढें समान आहेत असें ते म्हणाले, परंतु माणसें माणसांपुढें समान आहेत असें त्यांनीं सांगितलें नाहीं. ह्या दोन विधानांत पुष्कळ अंतर आहे, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय आहे. हें अंतर कोणाही प्रामाणिक वाचकास नाकारतां येणार नाहीं. तथापि त्याच बाबासाहेबांनीं १९४८ सालीं अस्पृश्यांच्या मूळ इतिहासावरील आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा ह्या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. आक्षेपही त्यांचाच आणि अर्पणपत्रिकाही त्यांचीच. ज्यानें दारांत उभें राहून आयुष्य काढलें त्याचा अपमान न करतां, दार बंद ठेवणाऱ्यांस दोष देतां येतो, हें त्यांनीं दाखवून दिलें.

मग संतांच्या त्या उत्तराचें काय करावयाचें? तें टाकून द्यावयाचें कीं कसें? ह्याचा एक धागा पैठणच्या एकनाथांच्या चरित्रांत सांपडतो. एकनाथ (१५३३ ते १५९९) गृहस्थाश्रमी ब्राह्मण. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत त्यांनीं शके १५०६ मध्यें सिद्ध केली, म्हणजे ते व्युत्पन्न पंडितही होते. त्यांच्या चरित्रांतील लोकांच्या जिव्हाळ्याच्या कथा मात्र पांडित्याच्या नाहींत. काशीहून रामेश्वरासाठीं आणलेली गंगेची कावड त्यांनीं वाटेंत तहानेनें तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडीं ओतली. भर दुपारीं गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटांत एका महाराचें मूल रडत उभें होतें. त्यांनीं तें कडेवर घेतलें आणि त्याच्या घरीं नेऊन पोंचविलें. सांवतोबांस भाजींत देव दिसला, जनाबाईंस जात्याजवळ दिसला. एकनाथांस तो वाटेंत भेटलेल्या दुसऱ्या जिवांत दिसला. त्या दुपारीं एकनाथांस आपल्या कर्मांत देव पाहावयाचा असता तर त्यांनीं स्नानसंध्येस जावयास हवें होतें. त्यांनीं तें मूल उचललें. गोरोबांच्या पायांखालीं आलेलें मूल आणि एकनाथांनीं कडेवर घेतलेलें मूल, हीं दोन मुलें मराठी मनानें शेजारीं शेजारीं सांभाळून ठेविलीं आहेत. आपल्या कामांत देव पाहणाऱ्यानें दुसऱ्याच्या हालअपेष्टांतही तो पाहिला नाहीं, तर त्याचें पाहणें अर्धेंच राहतें.

हें अर्धें पाहणें पुरें होण्यास मात्र फार काळ जावा लागला. चोखोबांची समाधि महाद्वाराबाहेर झाली १३३८ सालीं. त्यांच्या जातीच्या लोकांस देवळांत प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींनीं पंढरपुरास प्राणांतिक उपोषण केलें तें मे १९४७ मध्यें. मधें सहाशें नऊ वर्षें गेलीं. ह्या सहाशें नऊ वर्षांत वारी चुकली नाहीं, कीर्तनें थांबलीं नाहींत, चोखोबांच्या कथेनें डोळ्यांस पाणी येणाऱ्यांची संख्या कमी झाली नाहीं. तेंच पाणी पुसून लोक त्यांच्या समाधीवरून आंत जात, आणि त्यांचे जातभाई बाहेर उभे राहत. ती रूढि पंढरपुरांत मोडली ती ह्या उपोषणामुळें. बडवे व उत्पात ह्यांचे वंशपरंपरेचे हक्क १९७३ सालच्या कायद्यानें रद्द ठरविले गेले. त्यावरचा न्यायालयीन वाद २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें संपला.

आज जातीं बहुतेक घरांतून गेलीं. पीठ गिरणींतून येतें, पाणी नळास येतें, चुलीची जागा गॅसच्या शेगडीनें घेतली. तरी पहांटे कोणी तरी उठतेंच. शहरांतील कित्येक घरांत ती उठणारी घरची गृहिणी असते. कित्येक घरांत ती दुसऱ्या वस्तींतून चालत येऊन भांडीं घासणारी बाई असते. तिचें काम जनाबाईंचेंच आहे. तिला त्या कामांत देव दिसतो कीं नाहीं, हें तिचें तिला ठाऊक. तो तिनें पाहावा असें सांगण्याचा अधिकार त्या घरांतील कोणासही नाहीं. त्या घरांतील माणसांनीं एवढेंच पाहावयाचें आहे कीं, तिचा पगार वेळेवर हातीं पडतो काय, तिचा चहाचा पेला वेगळा ठेवलेला नाहीं ना, आणि ती आजारी पडली तर तिच्या दारापर्यंत कोणी जातें काय. संतांचा देव त्या घरांत आहे कीं नाहीं, ह्याची खूण देव्हाऱ्याजवळ मिळणार नाहीं. ती त्या पेल्याजवळ मिळेल.